पियानोवाल्याला विचारा : ‘समवन लाइक यू’ आणि विझणारा सूर

गेल्या अंकात पावसाळ्यात पियानोचा सूर का चढतो ते सांगताना एक वाक्य सहज लिहून गेलो होतो. अडेल या इंग्लिश गायिकेचं ‘समवन लाइक यू’ वाजवायचं असेल तर आधी पियानो जुळवून घ्या, त्या गाण्यात लपायला जागा नाही, असं काहीतरी. पावसाळ्याबद्दल एका माणसाने विचारलेलं नाही. आलेली सगळी पत्रं त्या एका वाक्यावर. तेव्हा हा महिना त्या गाण्याचा.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी गायक नाही आणि समीक्षक तर नाहीच नाही. गिरगावात राहतो, अडतीस वर्षं लोकांच्या घरचे पियानो जुळवतोय. पिशवीत जुळवणीची चावी, फेल्टच्या पट्ट्या, रबराच्या पाचरी आणि एक ट्यूनिंग फोर्क. जे सांगेन ते तारांच्या बाजूने सांगेन.

माझी नात दार लावून एकच इंग्रजी गाणं पुन्हा पुन्हा ऐकते. एक बाई गाते आणि मागे पेटीसारखं काहीतरी. तबला नाही, व्हायोलिन नाही. विचारलं तर म्हणते, “आजी, तुला नाही कळणार.” अख्खं आयुष्य मुलांना कविता शिकवण्यात गेलं माझं. कळेल असं सांगा. — निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, पेटी नव्हे, पियानो. पण त्या फरकाबद्दल खाली एका नाशिककरांना सविस्तर लिहिलंय, तेही वाचा.

गोष्ट तुमच्या वर्गात सांगता येईल इतकी साधी आहे. एक बाई जुन्या प्रियकराच्या दारात न बोलावता जाऊन उभी राहते. त्याचं लग्न झालंय, सगळं मार्गी लागलंय, हे तिच्या कानावर आलेलं आहे. ती भांडत नाही. तुमचं भलं होवो म्हणते, मला विसरू नकोस म्हणते, आणि तुझ्यासारखा कुणीतरी मिळेल मला, असं सांगते. कुणाला सांगते, त्याला की स्वतःला, हे तुम्ही ठरवा. तो काय बोलला ते गाण्यात नाही. तुमच्या परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना आला असता.

अडेलचा जन्म १९८८चा, लंडनच्या टॉटनहॅम भागातला. अल्बमना ती आपल्या वयाचे आकडे देते: १९, २१, २५, ३०. हे गाणं ‘२१’ मधलं. तो अल्बम आला जानेवारी २०११ मध्ये. ज्याच्यावर गाणं आहे त्याचा दुसरीशी साखरपुडा झाल्याचं कळलं तेव्हा ते सुचलं, असं तिने स्वतः सांगितलंय. नातं तुटलं त्याचं दुःख वेगळं आणि तो इतक्या लवकर सावरला त्याचं वेगळं. माझ्या मते गाणं दुसऱ्या दुःखाचं आहे, म्हणून ते आपलं वाटणारी माणसं इतकी.

सुरुवात तिची होती, पुरं करताना सोबतीला होता डॅन विल्सन. मिनियापोलिसचा माणूस, सेमिसॉनिक नावाच्या बँडचा गायक. लॉस एंजेलिसमधल्या एका लहान स्टुडिओत दोघांनी दोन दिवस काम केलं. पियानो वाजवला विल्सनने. करायचा होता तो नुसता नमुना, म्हणजे पुढे नीट वाद्यं भरून मुद्रण होणार तेव्हा गाणं कसं आहे ते दाखवायला. तो नमुनाच अल्बमवर आला. माझ्या धंद्यात असं सहसा होत नाही. आमच्याकडे लोक तयार गोष्टीत आणखी काहीतरी घालायला सांगतात.

मग १५ फेब्रुवारी २०११. लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये ब्रिट पुरस्कारांचा सोहळा. तिथे नाच, दिवे, धूर यांचीच रेलचेल असते. ही बाई उभी राहिली, बाजूला एक पियानो, आणि गायली. शेवटी तिला रडू आवरलं नाही. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेव्हा हे गाणं ४७व्या क्रमांकावर होतं, ते त्या आठवड्यात एकदम पहिल्यावर गेलं. सप्टेंबरात अमेरिकेतही पहिलं. फक्त आवाज आणि पियानो असलेलं गाणं तिथल्या मुख्य यादीत अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ.

नातीला एक विचारून बघा: “शेवटी त्याने दार उघडलं का गं?” तिने बंद दाराआड बसून ऐकलेल्या गाण्यात हे कुठेच सांगितलेलं नाही. तिला उत्तर द्यायला बाहेर यावं लागेल.

मी हार्मोनियम वाजवतो. गाणं कानाने बसवलं, स्वर तपासून घेतले, एकही चुकत नाही. तरी ऐकायला ते आरतीनंतरच्या भजनासारखं लागतं. कुठे बिघडतंय? — नाशिक

स्वर बरोबर असणार, मला शंका नाही. अवघड नाहीतच ते. अडेलने मूळ मुद्रणात सा धरलाय तो पांढरी सहाचा, इंग्रजीतला ए. गंमत म्हणजे माझा फोर्कही त्याच स्वराचा, सेकंदाला ४४० कंपनांचा. रोज सकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात गुडघ्यावर आपटून मी ज्या सुरापासून कामाला लागतो तोच या गाण्याचा षड्ज. आणि स्वर सगळे शुद्ध. आपल्या हिशेबात बिलावल थाट. विरहाचं गाणं म्हटल्यावर कोमल गंधार, कोमल धैवत शोधायला गेलात तर हात रिकामे येतील.

मग काळजाला हात घालतं कोण? पहिलं उत्तर, डावा हात. कडव्यात उजवा हात वरती सुटे सुटे स्वर फिरवत राहतो, संथ, मिनिटाला साधारण ६७ मात्रा, प्रत्येक मात्रेत चार ठोके. जवळजवळ काही घडत नाही तिथे. खाली डाव्या हाताचा स्वर मात्र सरकतो: सा, मग मंद्रातला नी, मग ध, मग एक पायरी गाळून म. परत सा. परत तेच. वर सगळं जागच्या जागी आणि पायाखालची जमीन सरकते आहे. धृपदाला तळाचे स्वर बदलतात, सा, प, ध, म अशा उड्या येतात, आणि त्याच वेळी आवाज वर चढतो.

आता तुमचा डावा हात कुठे आहे? भात्यावर. म्हणजे गाण्यातला अर्धा माणूस तुम्ही कामाला लावला हवा मारायला. हा दोष तुमचा नाही, हातपेटीचा आहे. पायाने भाता चालवायचा ऑर्गन, आपल्या संगीत नाटकांतला, त्याच्यावर हे तरी साधलं असतं.

पण तुमची खरी अडचण दुसरीच आहे आणि ती ऑर्गनवरही सुटणार नाही.

माझे उस्ताद गोव्याचे, मडगावच्या बाजूचे. पियानो जुळवणं शिकायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पहिले काही महिने त्यांनी मला चावीला हात लावू दिला नाही. काम एकच. मी पियानोच्या बाकावर बसायचं, एक पट्टी दाबून धरायची, डोळे मिटायचे, आणि सूर संपला की बोट वर करायचं. मी बोट वर केलं की ते म्हणायचे, अजून आहे. पुन्हा दाबायचो. पुन्हा, अजून आहे. मधल्या सप्तकातला सूर चांगल्या वाद्यावर सहज पंधरा-वीस सेकंद राहतो, पण आपलं लक्ष पाचव्या सेकंदालाच निघून जातं. बाहेर ट्रॅम राहिली नव्हती तरी बसचा हॉर्न होता, पलीकडच्या घरात कुकर होता. त्या सगळ्याच्या खाली तो सूर चालू असायचा. बारीक होत होत, मग इतका बारीक की आपण ऐकतोय की आठवतोय ते कळू नये.

पियानोचं हे असं आहे. नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्यानंतर वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. सूर मोठा करता येत नाही, लांबवता येत नाही. वाजल्याक्षणी तो विझायला लागतो. तुम्ही फक्त पट्टी सोडून त्याला लवकर मारू शकता.

तेही एका चालीने विझत नाही. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. आधी सूर झपाट्याने खाली येतो, मग मागे एक बारीक शेपूट राहतं आणि ते बराच वेळ रेंगाळतं. मिशिगन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ मध्ये याचा उलगडा छापला: तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पुलावरून तिघी एकमेकींना ओढतात, एकत्र हलतात तेव्हा ताकद लवकर लाकडात उतरते, एकमेकींच्या उलट हलायला लागल्या की ती आतच अडकून राहते. तिन्ही तारांमध्ये केसभर फरक असेल तर त्या शेपटाची तऱ्हा बदलते. आम्हा जुळवणाऱ्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण हाताला माहीत होतं. फार काटेकोर जुळवलेला पियानो कधीकधी कोरडा लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वेळी जास्त छान जुळवला होतात.

या गाण्यात पेडल बराच वेळ दाबलेलं असतं. पेडलने सगळ्या तारांवरची, सूर थांबवणारी दाबपट्टी उचलली जाते. म्हणजे न वाजवलेल्या ताराही वाजवलेल्यांच्या नादाने थरथरतात. खरं वाटत नसेल तर कुणाच्या तरी पियानोवर करून बघा. वरची एक पट्टी आवाज न करता हळूच दाबून धरा, तिच्या खालच्या सप्तकातली तीच पट्टी टणकन मारून सोडून द्या. मारलेली गप्प होईल आणि जिला तुम्ही वाजवलंच नाही ती ऐकू येईल.

तेव्हा नाशिककर, तुमच्या पेटीचा सूर भाता हलतोय तोवर जसाच्या तसा उभा राहतो. भजनाला तेच हवं, देवासमोर उभा राहणारा सूर. इथे गाणारी बाई जे धरून ठेवू पाहतेय ते तिच्या मागे प्रत्येक ठोक्याला विझतंय. विझायच्या आत दुसरा स्वर, तोही विझतोय, मग तिसरा. तुमच्या वाजवण्यात काहीच विझत नाही, म्हणून काहीच गमावलं जात नाही.

उपाय विचारलात म्हणून सांगतो. कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, धरून ठेवू नका. सा-ग-प एकेक सुटा वाजवा, बोट लगेच उचला, भाता अगदी मऊ. खालचा सा-नी-ध-म दुसऱ्या कुणाला तरी गिटारवर छेडायला सांगा, ती तारही विझते. अडेलनेही या गाण्याची सुरुवात गिटारवरच केली होती.

एका मासिकात वाचलं, शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय की या गाण्यात एक विशिष्ट अलंकार आहे आणि त्यामुळेच लोक रडतात. तसं असेल तर कुणीही तो अलंकार घालून रडवू शकेल. तुमचं मत? — कोल्हापूर

तुमचा संशय रास्त आहे. मागची हकीकत अशी. जॉन स्लोबोडा नावाच्या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. श्रोत्यांना विचारलं, कुठल्या गाण्याच्या नेमक्या कुठल्या जागेला तुम्हाला रडू येतं, कुठे काटा येतो. जागा तपासल्या तर रडू येण्याच्या बऱ्याच ठिकाणी एक अलंकार सापडला, अपोजियातुरा. इटालियन शब्द, मुळात अर्थ रेलणं, टेकणं. मग २०१२ मध्ये, अडेलला ग्रॅमी मिळाल्यावर, एका अमेरिकन वर्तमानपत्राने ते या गाण्याला लावलं आणि बातमी जगभर गेली. या गाण्यातल्या त्या जागांना अपोजियातुरा म्हणताच येत नाही, असं म्हणणारे संगीतकारही तेव्हाच उभे राहिले.

अलंकार म्हणजे काय ते आपल्या भाषेत: खाली सा-ग-प चालू आहे. गळा गंधारावर यायला हवा, पण तो नेमका मात्रेवर मध्यमावर येऊन बसतो. खटकतं. क्षणभर तिथेच रेलतो आणि मग गंधारावर उतरतो. कण स्वर म्हणाल तर नाही, कण ओझरता असतो, हा ठाण मांडतो. ठुमरी ऐकणाऱ्याला यात नवं काही वाटू नये.

माझं मत असं, की मीठ नसेल तर आमटी फुकट, म्हणून मिठामुळे आमटी होते असं नाही. अडेलच्या गळ्यात वरच्या स्वराला जी पलटी बसते, आवाज जरासा फुटल्यासारखा होऊन पुढे जातो, तिचा वाटा मला जास्त वाटतो. तीही कुणाला करून दाखवता येते, तेवढ्याने रडू येत नाही. माझ्या शेजारचा मुलगा रोज करतो.

तुम्ही लोक परदेशी गाण्यांचं कौतुक करता. पियानोवर बसून विरहाचं गाणं आपल्या सिनेमात किती आधीपासून आहे! ‘अंदाज’ १९४९चा, ‘संगम’ १९६४चा. अडेलच्या आईचाही जन्म नव्हता. — दादर

काका, पत्राच्या पहिल्या वाक्यात दम दिलात, तरी मुद्दा बिनतोड आहे. ‘अंदाज’मध्ये नौशादचं संगीत, मुकेशचा गळा, आणि पियानोपाशी दिलीपकुमार. ‘संगम’मध्ये शंकर-जयकिशन, पुन्हा मुकेश, आणि पियानोपाशी राज कपूर. मला दोन्ही पाठ आहेत. पियानोवाला घरात आला की वडीलधारी माणसं हमखास यातलंच काहीतरी वाजवायला सांगतात, मला वाजवता येत नाही हे अडतीस वर्षं सांगतोय.

पण नीट आठवा. आपल्या सिनेमात पियानो हा श्रीमंताच्या बंगल्यातला मोठा, चकचकीत ऐवज. तो वाजवायला नायकाला समोर माणसं लागतात, आणि ज्यांना टोमणा पोचायचा आहे ती त्याच खोलीत बसलेली असतात. गाणं म्हणजे भर बैठकीत केलेली तक्रार. थोड्या वेळाने व्हायोलिनं येतात, ढोलक येतो, आणि पियानोला कुणी विचारत नाही. पडद्यावरची बोटं कुठेतरी भलतीकडेच फिरत असतात ते सोडा, ते माझं व्यावसायिक दुखणं आहे. त्या मुद्रणांतला खरा पियानो वाजवायला आणि वाद्यवृंद बांधायला गोव्याहून आलेली माणसं होती. सेबास्टियन डिसोझांसारख्यांनी ते सगळं कागदावर उतरवलं. त्यांची नावं श्रेयनामावलीत शोधायला भिंग लागतं.

अडेलच्या गाण्यात खोलीत तिसरं कुणी नाही. ती आणि पियानो. आणि पियानो तिची बाजू घेत नाही, समजूत काढत नाही, चालत राहतो. ‘संगम’चं ते गाणं मला जास्त आवडतं, हे कबूल करतो. पण रात्री एकट्याने ऐकायला मी ते लावत नाही.

मुलगी पंधरा वर्षांची. गाणं सतत म्हणते. धृपदाला घसा ताणते, दोन दिवसांपासून आवाज बसलाय. — पुणे

ताई, आधी गाणं बंद. आवाज बसलेला असताना कुजबुजणंही बंद. आठ-दहा दिवसांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, हळद-दुधावर महिना काढू नका.

आता सुरांचं. हे गाणं साधं ऐकू येतं, पण मंद्र धैवतापासून तार पंचमाच्या घरापर्यंत जातं. पांढरी सहाचा सा धरून तार पंचम! आपल्याकडे गुरू पंधराव्या वर्षी तिथे पाठवत नाहीत. पट्टी तिच्या गळ्याप्रमाणे उतरवा, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण त्याचसाठी आहे. मग खालचे स्वर लागत नाहीत म्हणेल, तर ते नुसते बोलल्यासारखे म्हणू दे, कडवं तसंही बोलण्याच्या जवळचंच आहे. आणि तिला सांगा, खुद्द अडेलला त्याच २०११ सालच्या नोव्हेंबरात स्वरतंतूवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, बोस्टनला. गाणी बंद, दौरा रद्द. त्यानंतर फेब्रुवारीत ग्रॅमीच्या मंचावर ती उभी राहिली आणि एका रात्रीत सहा पारितोषिकं घेऊन गेली, त्यातलं एक या गाण्याच्या गायनाला. आई सांगते त्याचा परिणाम होणार नाही, याचा होईल.

फ्लॅटमध्ये खरा पियानो शक्य नाही. डिजिटलवर हे गाणं वाजवलं तर ‘विझणारा सूर’ मिळेल का? — वाशी

मिळेल. विझताना ध्वनिमुद्रित केलेला सूर मिळेल. ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा घ्या, आणि सोबत येतं ते चौकोनी प्लॅस्टिकचं पेडल फेकून बरं घ्या. ते घसरत घसरत सोफ्याखाली जातं आणि ऐन धृपदात तुम्ही पायाने ते शोधत बसता. हेडफोन लावा, शेजारी दुवा देतील. माझ्या पोटावर पाय येतोय तरी सांगतो, पावसाळ्यात तो जुळवावाही लागत नाही.

माझ्या जुन्या मैत्रिणीचं लग्न आहे. आमंत्रण आलंय, मी जाणार आहे. मित्रांचा आग्रह आहे की रिसेप्शनला ऑर्केस्ट्रावाल्यांच्या कीबोर्डवर मी हे गाणं म्हणावं. सुरांच्या दृष्टीने काही सूचना? — वय २६, ठाणे

सुरांच्या दृष्टीने म्हणे!

बाबा रे, एक प्रसंग सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका क्लबमध्ये रिसेप्शन होतं. तिथला जुना उभा पियानो मी सकाळी जुळवला, तारांमध्ये कसर लागलेल्या नमद्याचा भुगा पडला होता तो ब्रशने काढला, आणि काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून मला संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. वऱ्हाडातला एक मुलगा उठला आणि पियानोशी बसून गायला. कुठलं गाणं ते सांगत नाही. चांगला गायला. दुसऱ्या कडव्यापर्यंत हॉलमध्ये सगळ्यांना कळलं होतं की हा कोण. मला, पियानोवाल्याला, कळलं होतं. नवरीने मान वर केली नाही. नवरा मुलगा हसत टाळ्या वाजवत होता, कळलेलं नसलेला हॉलमधला तो एकटाच. शेवटी नवरीच्या मावशीने येऊन वाढप्याला सांगितलं की आइस्क्रीम आत्ताच फिरवा. मुलाचं गाणं स्टीलच्या चमच्यांच्या आवाजात संपलं.

तुझ्या गाण्यातली बाई न बोलावता गेली होती. तिला उंबऱ्याशीच उभं राहून जे बोलायचं ते बोलावं लागलं. तुला पत्रिका आलीय, नाव घालून. म्हणजे तिने तुझ्यावर काही भरवसा ठेवलाय. तो काय आहे ते तुझं तुला माहीत.

मित्रांना सांग, घसा बसलाय. वरच्या पुणेकर मुलीचं उदाहरण दे. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या कीबोर्डला बहुतेक पेडल नसतंच, आणि त्यांच्या मॉनिटरमधून तुझा स्वर तुला ऐकू येणार नाही, ही कारणं पण खरी आहेत, वापर.

आणि वाजवायचंच असेल तर गिरगावात माझ्याकडे ये. दुरुस्तीला आलेला एक उभा पियानो सध्या पुढच्या खोलीत आहे, मालक परदेशात. मधला ए तेवढा अजून थोडा उतरलेला आहे. लग्न झाल्यानंतरच्या रविवारी ये, तोवर तो मी वर आणून ठेवतो.